लाल कापडावरचा हत्ती

जुन्या पुस्तकांसाठी माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचा फुटपाथ रसिकांच्या परिचयाचा आहे. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी मॅकमिलनने काढलेले, लाल कापडी बांधणीचे किपलिंग हाती आले, तर आधी पुठ्ठा पाहावा. सोंडेत कमळ धरलेल्या हत्तीचे मुख आणि स्वस्तिक, एवढीच सोनेरी नक्षी. बाकी कापड मोकळे. हा संयमच तिचे खरे सौंदर्य. आकृती लेखकाच्या वडिलांची. ते १८६५ पासून दहा वर्षे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवीत. पुढे १९३३ साली हिटलर सत्तेवर आला, आणि लेखकाने स्वस्तिक गाळायला लावले. म्हणजे पुठ्ठाही इतिहास सांगतो. नवी बांधणी करताना तो फेकू नये. पोथी रुमालात जपणाऱ्यांना अधिक सांगणे न लगे!