पडद्यावरची शिरोरेषा

दादरला शिवाजी मंदिरासमोर, प्लाझाच्या बाजूच्या पदपथावर उभे राहिले की नाटकांच्या पाट्या रस्त्यापलीकडून वाचता येतात. नावाचे वळण पाहूनच नाटक विनोदी की गंभीर, याचा अंदाज येतो. प्रेक्षकाला ही सवय कमल शेडगे यांच्यासारख्या अक्षरकारांनी लावली.

त्याच वाटेने जाणाऱ्या, दादरमध्येच राहणाऱ्या एका तरुण अक्षरकाराचे संकेतस्थळ मी अलीकडे मोबाइलवर पाहिले. नाव सांगत नाही. कारण हे दोष त्याच्या एकट्याचे नाहीत. त्याने केलेली शीर्षके देखणी आहेत. भोवतीचा मजकूर मात्र दुसऱ्या पानावर मी सोडून दिला. त्याला तसे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, ‘लोक कामं बघायला येतात, काका. मजकूर कोण वाचतं?’ हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

पहिला दोष त्याच्या नावातच आहे. रोमन अक्षरे सुटी असतात, म्हणून त्यांच्यात अंतर वाढवले की शीर्षक ऐसपैस दिसते. देवनागरी अक्षरे शिरोरेषेने जोडलेली असतात. तेच अंतर इथे दिले की रेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. दुसरा दोष ओळींचा. मराठीत रफार, मात्रा, वेलांटी रेषेच्या वर आणि उकार खाली जातात. इंग्रजीच्या मापाने बसवलेल्या ओळींत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. तिसरा दोष रंगाचा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षर शांत दिसते, पण सुगम्यतेचा आंतरराष्ट्रीय निकष साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ इतका उजेड-फरक मागतो. उन्हात फलाटावर उभ्या असलेल्या वाचकाला निकष माहीत नसतो. तो फक्त मोबाइल खिशात ठेवतो.

चौथा दोष डोळ्यांना दिसत नाही, आणि तोच मला सर्वांत गंभीर वाटतो. नाटकांची नावे केवळ चित्रांत आहेत, सोबत एकही टंकित शब्द नाही. त्यामुळे शोध घेणाऱ्याला ती सापडत नाहीत, आणि अंध वाचकाच्या वाचकयंत्राला तिथे काहीच ऐकवता येत नाही. शिवाय पानाची भाषा आतून ‘इंग्रजी’ अशी नोंदलेली आहे. २००९ च्या शासननिर्णयाने ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे ठरवून दिली. काही टंकांत ती असतातही. पण पान मराठी आहे असे सांगितल्याशिवाय उमटत नाहीत.

साधनांची सबब आता चालणार नाही. र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ टंक विंडोज २००० बरोबर संगणकांवर आला. मुंबईच्याच ‘एक टाइप’ने घडवलेला ‘मुक्त’ अनेक वजनांत विनामूल्य मिळतो. उणीव आहे ती नजरेची. पानाचा साचा रोमन लिपीसाठी आखायचा आणि शेवटी त्यात मराठी ओतायची, ही सवय मोडली पाहिजे.

वाचनीयता म्हणजे सपाटपणा नव्हे, हे मला मान्य आहे. शीर्षकाने वाकावे, नाचावे, थोडे अडवावेही. तो त्याचा हक्क आहे. पण नाटकाची पाटी पुन्हा नीट पाहावी. वर नावाने कितीही हौस केलेली असो, खाली वार, वेळ आणि तिकीटविक्रीची ओळ सरळ, ठळक अक्षरांत असते. ती ओळ कोण वाचतो? ज्याला नाटकाला यायचे आहे तो. त्या तरुणाच्या पानावर येणारा निर्माताही चित्रे पाहून थांबतो खरा. पण हे काम कोणत्या नाटकाचे, कोणत्या वर्षाचे, कोणाला फोन करायचा, हे त्याला वाचूनच कळणार असते.