दिवेकर कुठले?

मुंबईत मांडवीच्या इस्राएल मोहल्ल्यात स्थानिक वाटाड्याबरोबर फिरलो. माणूस तयारीचा. हातगाड्यांच्या गर्दीतून बरोब्बर शाअर हारहमीमच्या दारात आणलं. बेने इस्राएलांचं हे मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये स्थापलेलं. सध्याची इमारत नंतरची, हेही त्याने आठवणीने सांगितलं.

इथवर उत्तम. मग स्वारी टिपूच्या कैदेत शिरली ती बाहेर पडेचना. टिपूच्या आईच्या शब्दामुळे दिवेकर वाचले, ही आख्यायिका डोळ्यांदेखत घडल्यासारखी सांगितली. सांगावी जरूर, पण आख्यायिका म्हणून. मी पडलो इंजिनिअर; पाया दिसल्याशिवाय मजला मोजत नाही.

खरी तक्रार पुढेच आहे. तासभर नुसतं 'परदेशी ज्यू, परदेशी ज्यू'! अहो, ही कोकणातली तेलाचे घाणे चालवणारी माणसं. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. त्यांचा हग्गादा १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापला गेला. मराठीचा मात्र फेरफटक्यात उल्लेखही नाही.

आडनावावरून गाव काढायची आम्हा बडोदेकरांना खोडच. निघताना विचारलं, "दिवेकर म्हणजे मूळचे कुठले हो?"

"दिवा स्टेशनचे असतील," तो म्हणाला.