पेशीवरील शर्करा आणि फुप्फुसाचा पत्ता : खारघरच्या संशोधनाचे परीक्षण

कर्करोग आणि शर्करा हे शब्द एकत्र आले की वर्गात पहिला प्रश्न गूळ-साखर सोडण्याचा येतो. प्रस्तुत विषय तो नव्हे. आहारातील साखर वेगळी आणि पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना जोडलेल्या शर्करांच्या साखळ्या वेगळ्या. अशा साखळ्या असलेल्या प्रथिनांना ग्लायकोप्रोटीन म्हणतात. पेशी कर्करोगग्रस्त झाली की या साखळ्यांची ठेवण बदलते. नायट्रोजन-जोडणीच्या साखळीला बीटा १-६ प्रकारची जादा फांदी फुटते, हा बदल प्रसाराच्या क्षमतेशी निगडित असल्याचे जेम्स डेनिस व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले. ही फांदी ओळखण्याचे साधन म्हणजे राजम्यातून मिळणारे एक प्रथिन. विद्यार्थ्यांना हे सांगितले की ते कान टवकारतात.

खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक ही टाटा मेमोरियल सेंटरची संशोधन संस्था. तेथील राजीव कालराइया यांच्या गटाने पुढचा प्रश्न घेतला : प्रसार फुप्फुसातच का? या फांदीवर लॅक्टोसामाइनचे घटक एकामागून एक गुंफले जातात आणि फुप्फुसातील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरील गॅलेक्टिन-३ हे प्रथिन त्यांना धरून ठेवते, असे त्यांचे उत्तर आहे. २००९ च्या शोधनिबंधाचे खरे बळ 'नाही' म्हणण्यात आहे. नायट्रोजन-जोडणीच्या साखळ्यांवरील लॅक्टोसामाइनमुळे फुप्फुसातील प्रसार वाढतो. ऑक्सिजन-जोडणीच्या साखळ्यांवरील लॅक्टोसामाइनमुळे किंवा थॉमसन-फ्रीडेनराइश प्रतिजनामुळे तो वाढत नाही, असे त्यांनी वेगळे करून दाखवले. आपल्याकडील अनेक शोधनिबंध केवळ सहसंबंधावर थांबतात. हा थांबत नाही.

तरीही एक शंका नोंदवणे आवश्यक आहे. या प्रयोगांत बी-१६ मेलॅनोमाच्या पेशी उंदराच्या शेपटीच्या शिरेत सोडल्या जातात. शिरेतील रक्त हृदयातून प्रथम फुप्फुसातच जाते. मग पेशी तेथे अडकल्या यात नवल काय? शिवाय एफ-१० हा पेशीवंशच फायडलर यांनी १९७० च्या दशकात फुप्फुसात रुजलेल्या पेशी पुनःपुन्हा निवडून तयार केलेला. फुप्फुसाची ओढ त्यात निवडीनेच आणलेली आहे. ही शंका अर्धीच टिकते. एफ-१ च्या पेशीही त्याच वाटेने जातात, पण कमी रुजतात; आणि शर्करा व गॅलेक्टिन यांची पकड रोखली की वसाहती घटतात. केवळ अडकण्याने हा फरक समजत नाही.

उरलेली अर्धी शंका मात्र राहते. मूळ गाठीतून पेशी सुटणे आणि रक्तात शिरणे हे टप्पे या पद्धतीत येतच नाहीत. ती उणीव अंशतः भरून काढते ग्रॅनोव्हस्की व सहकाऱ्यांचे २००० सालचे काम. फांदी जोडणाऱ्या विकराचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत स्तनातील गाठींची वाढ आणि आपोआप होणारा प्रसार, दोन्ही मंदावले. दोन्ही निबंध शेजारी ठेवून शिकवले तरच चित्र उभे राहते.

औषधाची घाई मात्र करू नये. स्वेनसोनीन हे द्रव्य या साखळ्यांची घडण मधेच थांबवते आणि उंदरांत प्रसार रोखते. मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील त्याची चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली; एकाही रुग्णाची गाठ अपेक्षेप्रमाणे आक्रसली नाही.

ग्वाल्हेरच्या परिसरातील शिक्षकांसाठी आणखी एक मुद्दा. त्वचेचा मेलॅनोमा आपल्याकडे विरळा. तंबाखू-गुटख्यामुळे होणारा तोंडाचा कर्करोग सर्वांच्या परिचयाचा, आणि तो सहसा प्रथम मानेतील लसिका ग्रंथींत पसरतो. तेथे वाट वेगळी, अस्तर वेगळे. तिथे पेशीला कोणती शर्करा थांबवते, याचे उत्तर शेपटीच्या शिरेतून मिळणार नाही.