रोजकीर्द आणि फिर्याद

स्वतःचे दोष स्वतः तपासावेत, हा उपदेश बहुतेक सर्व संस्कृतींनी केला आहे. ते तपासावयाचे कसे, आणि तपासण्याच्या त्या साधनाचाच मनावर काय परिणाम होतो, याचा चीनमध्ये झालेला खल मात्र विशेष बारकाईचा आहे. त्या परंपरेतील दोन ग्रंथ आम्ही येथे विचारासाठी घेतले आहेत. पहिला, युआन ह्वांग ऊर्फ ल्याओफान (१५३३–१६०६) याने आपल्या मुलाला उद्देशून केलेले व पुढे ‘ल्याओफानचे चार उपदेश’ या नावाने प्रसिद्ध झालेले लेखन. दुसरा, ल्यू झोंगझोऊ (१५७८–१६४५) याचा १६३४ मधील ‘रन्पू’, म्हणजे मनुष्यत्वाचा आलेख. दोघेही मिंग राजवटीच्या उत्तरकाळातील विद्वान अधिकारी. असे असूनही दुसऱ्याचा ग्रंथ पहिल्याच्या मार्गाला सरळसरळ विरोध करण्यासाठी सिद्ध झाला.

या वादाचे मूळ कन्फ्यूशियसच्या संवादसंग्रहात आहे. त्याचा शिष्य झेंगझी रोज स्वतःला तीन गोष्टी विचारीत असे: दुसऱ्याचे काम करताना निष्ठेत उणे पडलो काय, मित्रांशी वागताना विश्वासाला जागलो काय, आणि गुरूकडून मिळालेले आचरणात आणले काय. स्वतः कन्फ्यूशियसने खंत व्यक्त केली आहे ती निराळीच. आपला दोष पाहून अंतर्यामी स्वतःवरच फिर्याद करणारा मनुष्य आपल्याला भेटला नाही, असे तो म्हणतो. तेथे योजलेला शब्द न्यायालयातील दाव्याचा आहे. पुढील काळात या न्यायालयाच्या जोडीला आणखी एक वस्तू आली, ती म्हणजे हिशेबाची वही.

पाप-पुण्याच्या वह्या चीनमध्ये बाराव्या शतकापासून आढळतात. ल्याओफानने त्यांना कथेचे बळ दिले. तरुणपणी एका ज्योतिष्याने त्याला परीक्षांतील क्रमांक, त्रेपन्नाव्या वर्षी मृत्यू आणि निपुत्रिकपण असे सर्व सांगून ठेवले होते. भाकिते एकामागून एक खरी ठरू लागली, तेव्हा ल्याओफानने इच्छा करणेच सोडून दिले. १५६९ मध्ये नानजिंगजवळच्या चीश्या पर्वतावर युनगू या बौद्ध भिक्षूची भेट झाली. दैव बदलता येते, असे सांगून युनगूने त्याच्या हाती वही दिली. एखाद्याचा जीव वाचविला तर शंभर पुण्ये जमा, दोष घडले तर तेवढे वजा, अशी तिची रीत. परीक्षेसाठी तीन हजार सत्कृत्ये, पुत्रासाठी आणखी तीन हजार, आणि सर्वोच्च पदवीसाठी दहा हजार, असे संकल्प ल्याओफान करीत गेला. १५८१ मध्ये पुत्र झाला, १५८६ मध्ये पदवी मिळाली.

येथवरचा व्यवहार सावकारी पेढीला शोभणारा आहे. तथापि या लेखनातील दोन जागा आम्हांला मोलाच्या वाटतात. लिहिता न येणारी त्याची पत्नी प्रत्येक सत्कृत्यासाठी हंसाच्या पिसाची दांडी शेंदरी रंगात बुडवून दिनदर्शिकेवर एक वर्तुळ उमटवीत असे. दुसरी जागा खुद्द ल्याओफानच्या कबुलीची. शुद्धीवर असताना आपण संयम पाळी, पण मद्यपानानंतर तो सुटे. त्यामुळे दोष वजा करता पुष्कळ दिवस शून्यच जात, आणि पहिले तीन हजार पुरे व्हावयास दहा वर्षे लागली, असे तो मुलाला सांगतो. बाप मुलाला असे सांगतो तेव्हा हिशेबामागचा माणूस दिसू लागतो.

ल्यू झोंगझोऊचा आक्षेप मुळावरच घाव घालणारा होता. सत्कृत्य हे कर्तव्यच असल्यामुळे ते जमेस धरण्याचा प्रश्न येत नाही. पुण्य नोंदविले की लोभ आलाच. म्हणून ‘रन्पू’मध्ये जमेची बाजूच नाही. विचारातही न उमटलेल्या अतिसूक्ष्म दोषापासून ते न सुधारल्यामुळे घट्ट झालेल्या दुष्टपणापर्यंत त्यात सहा पायऱ्या आहेत. पहाटे उदबत्ती व पाण्याचे पात्र समोर ठेवून, आसनावर बसून, स्वतःवर आरोप ठेवावयाचे आणि ते मान्य करावयाचे, असा विधीही त्यात दिला आहे. कन्फ्यूशियसची फिर्याद येथे रोज उभी राहते. अखेरच्या पायरीवरूनही परत फिरता येते, हे ल्यू आवर्जून सांगतो. पण वाचताना दिलासा थोडा आणि धाक फार वाटतो. १६४५ मध्ये हांगझोऊ मांचूंच्या हाती पडल्यावर ल्यूने अन्न वर्ज्य केले व सुमारे वीस दिवसांनी प्राण सोडला. त्याच्या निष्ठेबद्दल शंका घेण्यास जागा नाही. इतकी कठोर वाट सामान्य गृहस्थाला चालता येईल काय, ही शंका मात्र राहते.

तर्काच्या कसोटीवर ल्यूचा पक्ष बळकट आहे, हे आम्ही मान्य करतो. तरीही दोन्ही साधनांत एक उणीव समान आहे. वहीमध्ये ज्याचे भले वा बुरे केले तो माणूस एक आकडा होतो. पहाटेच्या त्या खोलीत फिर्यादी, आरोपी आणि न्यायाधीश एकच असतो. ज्याला प्रत्यक्ष दुखावले तो तेथे हजर नसतो.

या फिर्यादीचे काय होऊ शकते, हे विसाव्या शतकाने दाखविले. ल्यू शाओची याने १९३९ मध्ये येनान येथील व्याख्यानांत कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या आत्मसंस्कारासाठी झेंगझीच्याच दैनंदिन आत्मपरीक्षणाचा दाखला दिला होता. सांस्कृतिक क्रांतीत त्याच राष्ट्राध्यक्षाला जमावापुढे दोषी ठरविण्यात आले, त्याच्या त्या पुस्तकावर हल्ला झाला, आणि नोव्हेंबर १९६९ मध्ये कायफंग येथे कैदेतच त्याचा अंत झाला. १९८० मध्ये पक्षाने त्याला निर्दोष ठरविले. आतली फिर्याद बाहेरच्यांनी चालवावयास घेतली की आत्मपरीक्षण संपते, उरतो तो केवळ छळ.

म्हणूनच आम्ही पुन्हा झेंगझीच्या तीन प्रश्नांकडे वळतो. त्यांत ना जमाखर्च आहे, ना शिक्षा. पहिल्या दोन प्रश्नांत समोर एक ठरावीक माणूस उभा आहे: ज्याचे काम हाती घेतले तो, आणि ज्याने विश्वास टाकला तो. तिसऱ्यात गुरू आहे. आपण कसे आहोत, यापेक्षा आपण अमुक एकाशी कसे वागलो, हे विचारणे अधिक अवघड असते. कारण त्याचे उत्तर आपल्या एकट्याच्या हाती नसते. ल्याओफानची वही आणि ल्यूची फिर्याद वाचून झाल्यावर या जुन्या प्रश्नांची साधी मांडणी अधिक प्रगल्भ वाटते. दोन्ही ग्रंथ वाचलेच पाहिजेत. पण रात्री निजण्यापूर्वी जवळ ठेवावेत ते हे तीन प्रश्नच.