कमाटीबागेतील पाच तास

डॉ. आंबेडकरांच्या मराठी चरित्रांत बडोद्याच्या प्रकरणाला आता एक ठराविक घाट आला आहे. आधी विद्येची चढती कमान येते. १९०७ साली मॅट्रिक, १९१२ साली बी. ए., सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, १९१३ मध्ये न्यूयॉर्क, १९१५ मध्ये एम. ए., १९१६ मध्ये जातिसंस्थेवरील निबंध आणि डॉक्टरेटचा प्रबंध. मग १९१७चा सप्टेंबर उजाडतो. करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी हाच पुरुष बडोद्याच्या स्टेशनावर उतरतो आणि त्या शहरात त्याला राहावयास खोली मिळत नाही. कमान जितकी उंच, तितका खालचा खड्डा खोल दिसावा, अशी ही रचना आहे. वाचकाच्या तोंडून उद्गार निघतो, "एवढा विद्वान मनुष्य, आणि त्याला ही वागणूक!"

या उद्गारातील 'एवढा' या शब्दापाशी प्रस्तुत लेखक नेहमी अडखळतो. हा संताप प्रामाणिक असतो यात शंका नाही. परंतु तो पदव्यांच्या मापाने मोजलेला असतो. विद्वान नसता तर ही वागणूक कमी अन्यायाची ठरली असती की काय, हा प्रश्न त्या उद्गाराच्या पोटात दडून राहतो आणि आपण तो सहसा बाहेर काढीत नाही. ज्याच्यावर हा प्रसंग गुदरला, त्याने तो स्वतः कसा सांगितला आहे, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

आंबेडकरांचे हे टिपण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने इंग्रजीत आहे. लेखकाच्या हयातीत ते प्रसिद्ध झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये ते पुस्तिकारूपाने काढले आणि नंतर महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात त्याचा समावेश झाला. त्याचा अभिप्रेत वाचक परदेशस्थ आहे. अस्पृश्यता त्याला ऐकून ठाऊक आहे, शेजारी राहून नव्हे. त्याला ती समजावून देण्याचे दोन मार्ग लेखकाला दिसतात. एक सर्वसाधारण वर्णनाचा आणि दुसरा प्रत्यक्ष घटना सांगण्याचा. दुसरा अधिक परिणामकारक, असा निर्वाळा देऊन तो पुढे सहा लहान प्रकरणांत घटनाच सांगत जातो.

बडोद्याचे प्रकरण यांपैकी दुसरे. येथे वाचकाच्या प्रथम लक्षात येते ते हे, की विद्येची सारी कमान दोनचार वाक्यांत आटोपली आहे. अमेरिकेत कोठे शिकलो, लंडनमध्ये काय चालले होते, नोकरीवर का रुजू व्हावे लागले, एवढेच. (त्या वाक्यांतील सालांत थोडी गफलतही आहे, स्वतःच्या पदव्यांचा हिशेब लेखकाने फारसा जपून ठेवलेला दिसत नाही.) लगेच आगगाडी बडोद्यास येते आणि निवेदनाची गती एकाएकी मंदावते. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत याचे भानच मनातून पुसले गेले होते. ते स्टेशनावर उतरताच परत येते. जावयाचे कोठे? हिंदूंच्या खानावळी आहेत, पण तेथे खोटे बोलल्याखेरीज प्रवेश नाही, आणि खोटे उघडकीस आले तर काय होईल हे ठाऊक आहे. अखेर तो पारशांच्या एका उतारशाळेची वाट धरतो.

त्या उतारशाळेचे वर्णन हा या लेखनाचा गाभा आहे. खाली म्हातारा पारशी व्यवस्थापक आणि त्याचे कुटुंब, वर एक लहानशी खोली, नळ असलेली न्हाणी आणि मोडक्या खुर्च्या, फळ्या व बाके यांनी भरलेले मोठे दालन. सदरा आणि कस्ती अंगावर नाही, हे दिसताच व्यवस्थापकाला पाहुणा पारशी नसल्याचे कळते. मग तडजोड होते. रोजचा दीड रुपया आणि नोंदवहीत एक पारशी नाव. पुढे अकरा दिवसांपर्यंत दिवसा संस्थानच्या हिशेबखात्यात काम आणि रात्री कंदिलाच्या उजेडात, त्या अडगळीच्या शेजारी, एकाकी वाचन. ज्याच्या नावामागे विद्यापीठांच्या पदव्या लागल्या होत्या, त्याचे नावच त्या वहीत नव्हते. लेखक या विरोधाकडे बोट दाखवीत नाही. तो दर आणि नाव एका दमात सांगतो आणि पुढे जातो.

अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावरून वर येतात आणि संध्याकाळपर्यंत खोली खाली करण्याचे फर्मावतात. एक हिंदू स्नेही म्हणतो, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर जातील. दुसरा स्नेही ख्रिस्ती. तो बायकोला विचारून सांगतो म्हणतो. त्यांचे घराणे मूळचे ब्राह्मण. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले पाच तास कमाटीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, काढावयाचे. अस्पृश्याला पारशीही अस्पृश्यच मानतो हे येथे प्रथम कळल्याचे तो नमूद करतो, डोळ्यांत पाणी आल्याचेही सांगतो. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात आणि २३ सप्टेंबरला तेथे लोक जमतात. निवेदनात मात्र संकल्पापेक्षा निवाऱ्याची विवंचना मोठी आहे. त्यात एक मनुष्य बाकावर बसून गाडीची वेळ होण्याची वाट पाहतो आहे.

चरित्रांतून प्रत्येकाला ठाऊक असलेली एक गोष्ट या निवेदनात जवळजवळ नाहीच. शिपाई टेबलावर दुरून फायली फेकत, कचेरीत प्यावयास पाणी मिळत नसे, ही ती गोष्ट. चरित्रकारांना कचेरी महत्त्वाची वाटली, कारण विद्वत्ता आणि अवमान तेथे समोरासमोर येतात. स्वतः लेखकाला खोली महत्त्वाची वाटली. हा फरक केवळ तपशिलाचा नाही.

बडोदे म्हटले की मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाचे मन कृतज्ञतेने भरून येते, आणि ते योग्यच आहे. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार साहित्य संमेलने या नगरीत भरली. सयाजीराव महाराज तर १९३२च्या कोल्हापूर संमेलनाचे स्वतः अध्यक्ष होते. १९०६ साली त्यांनी संस्थानभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. परंतु त्यांची शिष्यवृत्ती समुद्र ओलांडून गेली, ती बडोद्याच्या स्टेशनापासून खानावळीच्या ओट्यापर्यंत मात्र पोहोचू शकली नाही. यात महाराजांचे न्यून शोधण्याचे कारण नाही. राजाज्ञेने शाळा उघडते. सोपा आणि ओसरी त्या आज्ञेने उघडत नाहीत.

हुशारीने हा दुरावा वितळतो, ही आपली आवडती समजूत आहे. वस्तुतः हुशारी पुढे आली की तो अधिक उघडा पडतो. एल्फिन्स्टन हायस्कुलात भूमितीचा एक प्रश्न सोडविण्यासाठी मास्तरांनी भीमरावाला फळ्यापाशी बोलावले, तेव्हा वर्गातील मुले धावली ती फळ्यामागे ठेवलेले आपले डबे उचलण्यासाठी. तो मागच्या बाकावर गप्प बसून असता तर डबे जागच्या जागी राहिले असते. संस्कृत त्याला शिकविलेच गेले नाही, म्हणून त्याने फारसी घेतली. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती हा त्या काळी बुद्धिमत्तेचा केवढा मानबिंदू होता! त्या स्पर्धेत त्याचा पराभव झाला नाही. त्याला उतरूच दिले नाही.

उतरू दिले तरी काय होते, याचे एक उदाहरण सातासमुद्रांपलीकडचे आहे. ओहायो राज्यातील अॅक्रन गावची मॅकनोलिया कॉक्स ही तेरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी गावची शब्दलेखन स्पर्धा जिंकून १९३६ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय स्पर्धेस गेली. तिला इतर स्पर्धकांबरोबर हॉटेलात राहता आले नाही. मेजवानीतही तिचे टेबल वेगळे मांडले गेले. तरीही ती अखेरच्या पाचांत पोहोचली. मग तिला 'नेमेसिस' हा शब्द देण्यात आला. हे ग्रीक देवतेचे नाव. विशेषनामे स्पर्धेत वर्ज्य होती. तिच्या बाजूने आक्षेप घेतला गेला, परीक्षकांनी तो मानला नाही, आणि मुलगी बाद झाली. ए. व्हॅन जॉर्डन या कवीने २००४ मध्ये तिच्यावर एक संपूर्ण कवितासंग्रह लिहिला. बडोद्याची उतारशाळा आणि वॉशिंग्टनचे हॉटेल यांची भाषा वेगळी, परंतु दाराची कडी एकाच हाताने लावलेली दिसते.

पराभवापेक्षा कौतुक अधिक बोचते, हे मराठीत कुमुद पावडे यांनी जितक्या नेमकेपणाने मांडले आहे तितके क्वचितच कोणी मांडले असेल. 'अंतःस्फोट' (१९८१) या पुस्तकातील आपल्या संस्कृताध्ययनाची हकीकत त्या सुरू करतात ती सभासमारंभांतील स्तुतीपासून. अमुक जातीच्या असूनही यांनी संस्कृतात प्रावीण्य मिळविले, असे वक्ता म्हणतो आणि टाळ्या पडतात. त्या 'असूनही'मध्ये सारे आले. व्याकरणदृष्ट्या तो गौणवाक्याचा निर्देश आहे. समाजव्यवहारात तो मुख्य वाक्याला गिळून टाकतो. प्रावीण्य हा नियम नव्हे, अपवाद आहे, हे स्तुती करता करताच सांगून होते. लेखिका त्यांना मनःपूर्वक शिकविणाऱ्या गोखले गुरुजींचे ऋण मुक्तपणे मान्य करतात, विद्यापीठातील विभागप्रमुखांची नाराजीही लपवीत नाहीत. एम. ए. झाल्यावरही नोकरी मिळेना. मुलाखतींत हेटाळणी झाली. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलले, तेव्हा प्राध्यापकाची जागा मिळाली. ही जागा सोमकुवर या माहेरच्या नावाला नव्हे, पावडे या नावाला मिळाली, असे त्या म्हणतात. उपरोध त्यांच्या लेखणीला सहज साधतो. क्वचित तो अधिक लांबतो, भावनेचा भर वाक्यरचनेला पेलत नाही, हेही नोंदविले पाहिजे. परंतु नोंदवहीतील पारशी नाव आणि नेमणुकीच्या पत्रातील सासरचे नाव यांच्यामध्ये किती वर्षे गेली याचा विचार मनात आला की या दोषाचे फारसे काही वाटत नाही.

आंबेडकरांच्या टिपणात पदवीचा उल्लेख ठसठशीतपणे येतो तो चाळीसगावच्या प्रकरणात. १९२९ साली एकाही टांगेवाल्याने महाराला टांग्यात बसवून नेण्याची तयारी दाखविली नाही. वस्तीतील एका अननुभवी माणसाने टांगा हाकला आणि अपघात झाला. टांगेवाला स्वतःला बॅरिस्टरहून श्रेष्ठ समजतो, हे तेव्हा उमगल्याचे लेखक लिहितो. येथे 'बॅरिस्टर' हा शब्द आत्मगौरवासाठी आलेला नाही. पदवीचे नाणे या बाजारात चालत नाही एवढेच तो दाखवितो.

चरित्रांच्या घाटाविषयीचा माझा आक्षेप पुस्तकाच्या रचनेतच सिद्ध होतो. शेवटचे प्रकरण आंबेडकरांनी स्वतःच्या वाट्याला ठेवलेले नाही. ते त्यांनी भंगी समाजातील एका तरुणाच्या निवेदनाला दिले. हा तरुण व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण झालेला आणि खेडा जिल्ह्यातील बोरसदला तलाठी म्हणून नेमलेला. कोलंबिया नाही, लंडन नाही; चार बुकांचे शिक्षण. चरित्रकारांनी बडोद्याच्या कचेरीत पाहिलेला अवमान लेखकाने या कचेरीत सांगू दिला आहे. तलाठ्यासाठी गंजलेले एक भांडे बाहेर ठेवलेले असे, आणि पाणी ओतणारा माणूस हजर असेल तेव्हाच त्याला पाणी मिळे. पुढे जमावाने त्याला घेरले, धमकावले. तो नोकरी सोडून आईबापांकडे मुंबईस निघून गेला.