मुखवट्यातली माणसे

करुणा हा शब्द छायाचित्रांच्या बाबतीत आपण फार स्वस्त करून टाकला आहे. सुरकुतलेला चेहरा, पाणावलेले डोळे, मागे मोडकी झोपडी. एवढे जमले की आपण हळहळतो आणि पान उलटतो. जव्हार-मोखाड्याच्या वाट्याला तर अशी छायाचित्रे विशेष आली. १९९२ साली वावर-वांगणीत बालमृत्यू झाले, तेव्हापासून शहरातला कॅमेरा त्या डोंगरांत जातो तो बहुधा फासळ्या मोजायलाच. ती छायाचित्रे नको होती असे मी म्हणणार नाही. सरकारला जाग आणायला ती हवीच होती. पण 'बाबा रे, तुला कसे दिसायचे आहे?' असा प्रश्न कोणी विचारल्याची खूण त्यांत सापडत नाही.

दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१५ पासून जव्हारला केलेली 'ॲक्ट्स ऑफ अपिअरन्स' ही चित्रमाला मला महत्त्वाची वाटते ती याच कारणाने. या भागातला बोहाडा वाचकांपैकी काहींनी पाहिला असेल. देवांची नि राक्षसांची सोंगे घेऊन गाव रात्री नाचते. कागदाच्या लगद्याचे ते मुखवटे करणाऱ्या धर्मा कडू यांचे पुत्र भगवान आणि सुभाष यांच्याकडे गिल गेल्या आणि त्यांनी एक वेगळीच मागणी केली: या खेपेला देव नकोत, रोजचे जगणे येऊ द्या. मग कडू बंधूंनी, त्यांच्या घरच्यांनी आणि सोबत्यांनी माणसांचे, प्राण्यांचे, घरात मोलाच्या मानलेल्या वस्तूंचे मुखवटे घडवले. गावातली माणसे ते चढवून आपापल्या ओळखीच्या जागी, आपल्याच नित्याच्या उद्योगांत कॅमेऱ्यापुढे आली.

अंगात नेहमीचाच सदरा किंवा साडी, आणि वर प्राण्याचे डोके! प्रथम हसू येते. (यावे, त्यांनाही मजा आलेली दिसते.) पण थोडा वेळ पाहिले की ध्यानात येते, आपल्याला कीव करायला चेहराच उरलेला नाही. नजर मग हातांकडे जाते, बसण्याच्या ढबीकडे, भिंतीच्या रंगाकडे. कॅमेरा एरवी माणसाचा चेहरा उचलून नेतो. इथे मुखवटे करणाऱ्या गावाने स्वतःच एक चेहरा घडवून पुढे केला आहे. आपला खरा चेहरा त्यांनी राखून ठेवला. छायाचित्र रंगीत आहे, हेही बरेच झाले; दारिद्र्याला काळ्या-पांढऱ्याची झूल चढवण्याची आपली जुनी खोड इथे नाही.

तरीही एक शंका राहते. मुखवट्यांची मूळ कल्पना गिल यांची, चौकट त्यांची, निवडही शेवटी त्यांचीच. २०१८ मध्ये ही चित्रे न्यूयॉर्कच्या मोमा पीएस वन या कलासंस्थेत मांडली गेली. तिथल्या प्रेक्षकाला बोहाडा ठाऊक असण्याचे कारण नाही. चित्रांना शीर्षकेही नाहीत, नुसते आकडे आहेत. चेहरा झाकायचा अधिकार मिळाला, पण बोलण्याचा? 'सहकार्य' म्हणताना आपण थोडे जपून बोलावे, असे मला वाटते.

म्हणून गिल यांचेच दुसरे काम, डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड यांच्यासह २०१३ पासून केलेले 'फील्ड्स ऑफ साइट', मी एक पायरी वर ठेवीन. तिथे वांगड यांनी आपल्या गावच्या जागा दाखवल्या, त्यांच्या गोष्टी सांगितल्या. गिल यांनी त्या टिपल्या. आणि मग छापलेले छायाचित्र परत वांगड यांच्या हाती गेले. शेवटचा हात त्यांचा. किती तरी चित्रांत ते स्वतः त्या माळावर उभे दिसतात, लहानसे. आणि त्यांच्याभोवती देव, झाडे, माणसांची ये-जा, गावावर गुदरलेले प्रसंग, म्हणजे त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर नव्हते ते सारे, त्यांनीच शाईच्या बारीक रेघांनी काढून ठेवले आहे.