७७७ म्हणजे दुरुस्ती नव्हे

लॅबच्या सामायिक सर्व्हरवर गिट पुश अडलं, ‘परमिशन डिनाइड’ आलं, की सीनियर हमखास सांगतात: सगळ्या रेपोला ७७७ देऊन टाक. पुश होतंही. पण हा सल्ला दोन कारणांनी वाईट आहे.

एक, दुखणं तसंच राहतं. छोट्या पुशमधले ऑब्जेक्ट गिट त्यांच्या हॅशच्या पहिल्या दोन अक्षरांच्या फोल्डरमध्ये ठेवतं. असे फोल्डर २५६ पर्यंत होतात. ज्याच्या पुशने फोल्डर बनला, तो त्याचा. यूमास्क ०२२ असेल, तर इतरांना तिथे लिहिता येत नाही. म्हणूनच पुश कधी चालतं, कधी अडतं. ७७७ आजच्या फोल्डरना लागतं. उद्या बनणारा पुन्हा बंदच.

दोन, सर्व्हरवर खातं असलेला कुणीही आता रेपोतला हुक बदलू शकतो, आणि तुम्ही पुश केलंत की तो तुमच्या नावाने चालतो. थिसिसचा कोड पुसायला एवढं पुरे.

खरा उपाय: सगळ्यांचा एक ग्रुप करा, रेपो त्या ग्रुपचा करून लिहायची परवानगी द्या, फक्त फोल्डरना सेटजीआयडी बिट लावा, कॉन्फिगमध्ये ‘शेअर्डरिपॉझिटरी’ला ‘ग्रुप’ लिहा. ७७७ आधीच दिलं असेल, तर ‘इतरां’ची लिहायची परवानगी काढा आणि हुक एकदा उघडून वाचा.